वस्तीतल्या मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं त्याची हकीकत: जून ते मार्च

झाडीपट्टीतल्या एका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, वस्तीतल्या २२ मुलांच्या रक्तात शिसं किती आहे हे मोजायला आम्हाला जून २०२४ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत वेळ लागला, आणि फेरतपासणी मार्च २०२५ मध्ये झाली. प्रत्यक्ष रक्त घ्यायचं काम जेमतेम चार तासांचं होतं. बाकी सगळा काळ कागदपत्रं, ट्यूब आणि वाट बघण्यात गेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात कुणी असं काम हाती घेतलं तर त्यांचे दिवस वाचावेत म्हणून जसं घडलं तसं क्रमानं लिहीत आहोत. आम्ही म्हणजे एक वैद्यकीय अधिकारी, एक लॅब टेक्निशियन, दोन आशाताई आणि तालुक्याच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक.

जूनमध्ये चार वर्षांचा एक मुलगा तपासायला आला. हिमोग्लोबिन ८.२. लोहाचं औषध तीन महिने नेमानं घेऊनही ते जेमतेम अर्ध्या अंकानं वाढलेलं. आपल्याकडे अशा वेळी आधी सिकलसेल बघतात, तशी सोल्युबिलिटी टेस्ट झाली, ती निगेटिव्ह आली. पोट अधूनमधून दुखतं, शौचाला खडा होतो, माती खातो, असं आईनं सांगितलं. घरी काम काय चालतं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘जाळे विनतो जी, अन् गोळ्या ओततो.’

या गोळ्या म्हणजे फेकजाळ्याच्या घेराला लावायचं वजन. जाळं हवेत गोल उघडून पाण्यावर पडावं आणि सगळीकडून सारखं तळाला जावं म्हणून कडेच्या दोरीला वीतभर अंतरावर शिशाच्या गोळ्या लावतात. बाजारातलं शिसं महाग पडतं, म्हणून जुन्या बॅटरीच्या प्लेटा भंगारवाल्याकडून आणून घरीच वितळवतात. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, तेवढी धग साध्या चुलीवर लोखंडी पळीत सहज मिळते. वितळलेल्या शिशावर पिवळट-राखी साय धरते, ती काडीनं बाजूला सारून अंगणात फेकतात. मग ओल्या मातीत काडीनं पाडलेल्या खाचांमध्ये शिसं ओततात. थंड झालेली पट्टी दोरीभोवती वळवून दातांनी दाबली की गोळी घट्ट बसते. पकड असतेच, पण दात जवळ असतात. अंगणातल्या त्या सायीवर कोंबड्या फिरतात आणि लहान मुलं बसतात. पेट्रोलमधून शिसं २००० साली गेलं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१७ पासून लागू झाला. पण अंगणात वितळणारं शिसं या दोन्ही नियमांच्या कक्षेत येत नाही.

पहिला प्रश्न होता तो तपासायचं काय. खासगी प्रयोगशाळांच्या यादीत ‘हेवी मेटल पॅनेल’ असतं, वीस-बावीस धातूंचं. ते घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगू. त्यात पैसा जातो, आणि चुकीच्या नमुन्यात चुकीचा धातू शोधला की आलेला आकडा दिशाभूल करतो. प्रत्येक धातू शरीरात वेगळ्या ठिकाणी राहतो. शिशाचा जवळजवळ सगळा रक्तातला साठा लाल पेशींना चिकटलेला असतो, म्हणून त्यासाठी अख्खं रक्तच लागतं. आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जातं, त्यासाठी लघवी बघावी, आणि त्याआधी तीन-चार दिवस समुद्रातली मासळी, झिंगे बंद ठेवावेत. मासळीतून येणारा पारा अख्ख्या रक्तात दिसतो, तर थर्मामीटर किंवा सोनाराच्या कामातला पारा लघवीत. कॅडमियम रक्तात अलीकडचं दिसतं आणि मूत्रपिंडात साठलेलं लघवीत. शिवाय मोठ्या माणसांत तंबाखू आणि बिडीमुळे ते वाढतं, त्यामुळे खर्रा-बिडी विचारल्याशिवाय कॅडमियमच्या आकड्याला अर्थ नसतो. आमच्यापुढचा प्रश्न एकच होता, शिसं. म्हणून फक्त शिसं.

बोट टोचून एका थेंबावर शिसं मोजणारी छोटी यंत्रं असतात. ती आम्ही मुद्दाम वापरली नाहीत. ज्या घरात शिसं हाताळलं जातं तिथे मुलाच्या बोटाच्या कातडीवरच शिशाची धूळ असते. थेंब बाहेर येताना ती धूळ त्यात मिसळते आणि आकडा खोटा फुगतो. स्पिरिटच्या बोळ्यानं शिसं निघत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. पुढे वाढलेला आकडा आला तर शिरेतून पुन्हा रक्त घ्यावंच लागतं. मग लहान मुलाला दोनदा का टोचायचं? थेट शिरेतून दोन मिली घ्यायचं ठरलं.

आता परवानग्या. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. तिथे सगळ्यात मोठी शंका आली ती एका आजीकडून: ‘सिकलसेलचं रगत तर नेलं ना मांगच्या साली, आता पुन्हा कायले पाह्यजे?’ शंका रास्त होती. विदर्भात सिकलसेलसाठी इतक्यांदा रक्त घेतलं गेलंय की प्रत्येक ट्यूब त्याचीच वाटते. आम्ही शिशाची एक गोळी आणि रिकामी ट्यूब हातात देऊन समजावलं, की ही गोळी अंगात किती गेली ते बघायचं आहे. त्यानंतर ठराव झाला. ठरावाची प्रत सही-शिक्क्यानं त्याच आठवड्यात ग्रामसेवकांकडून घ्या, आम्हाला तीन फेऱ्या पडल्या.

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीकडे २२ ऑगस्टला अर्ज दिला. सप्टेंबरमध्ये शंकांचं पत्र आलं. त्यातली एक शंका फार महत्त्वाची होती: एखाद्या मुलात आकडा ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त निघाला तर त्याच दिवशी काय करणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लहान मुलात ४५ पासून पुढे चिलेशन, म्हणजे शिसं बाहेर काढणारं औषध द्यावं लागतं. तसं औषध आपल्या तालुक्यात नाही. मग आम्ही जिल्ह्यातल्या बालरोग विभागाचं लेखी पत्र घेतलं, की असा रुग्ण आला तर दाखल करून घेऊ. ही सोय आधी करून ठेवा. आकडा हातात पडल्यावर धावपळ करणं म्हणजे मुलाचे दिवस वाया घालवणं. संमतीपत्रं आई-वडिलांची लेखी, सात वर्षांपुढच्या मुलांची तोंडी आणि बारापुढच्यांची लेखी. ४ ऑक्टोबरला मंजुरी आली.

जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या पत्रासाठी फाईल दिली आणि १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मतमोजणी. मधल्या काळात कर्मचारी निवडणुकीच्या कामावर, फाईल टेबलावर. तेच दिवस धानाच्या कापणीचेही असल्यानं वस्तीत दुपारी माणूस सापडत नव्हतं. २८ नोव्हेंबरला पत्र मिळालं. या उशिराचा एक फायदा झाला: डिसेंबरची थंडी आली. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत नमुने थंड ठेवणं आमच्याच्यानं झालं नसतं.

मधल्या काळात आम्ही प्रयोगशाळा आणि ट्यूब या दोन गोष्टी उरकल्या. प्रयोगशाळेला फोनवर पाच प्रश्न विचारले. पद्धत कोणती, किती कमीपर्यंत मोजता, आकडा कोणत्या एककात देता, नमुना कोणत्या ट्यूबमध्ये हवा, आणि एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता या तपासणीसाठी आहे का. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. एनएबीएलची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, तपासणीनिहाय असते. मान्यतेच्या यादीत रक्तातलं शिसं लिहिलेलं असायला हवं. आम्ही निवडलेल्या ठिकाणी आयसीपी-एमएस यंत्र होतं. त्यात रक्त पातळ करून आरगॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या ज्योतीत फवारतात, अणूंचे आयन होतात आणि ते वजनाप्रमाणे वेगळे करून मोजले जातात. शिशाचे २०६, २०७ आणि २०८ असे तीन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, एकत्र धरतात, कारण शिसं कुठल्या खाणीतलं आहे त्यावर त्यांचं परस्पर प्रमाण बदलतं. एकट्या २०८ वर हिशेब केला तर तेवढी चूक राहते. आमचे प्राध्यापक फोनवर हेच विचारत होते, आणि पलीकडच्या माणसानं न अडखळता उत्तर दिलं तेव्हा आमचा विश्वास बसला.

ट्यूबच्या बाबतीत बहुतेक जण इथेच घसरतात. जांभळ्या टोपीची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब हिमोग्लोबिनसाठी चालते, शिशासाठी तिचा भरवसा नाही. तिच्या रबरी बुचात आणि काचेत-प्लास्टिकमध्ये अंशमात्र धातू असू शकतात, आणि आपण मोजतोय तेही अंशमात्रच. गडद निळ्या टोपीची, ट्रेस एलिमेंटसाठी म्हणजे अंशमात्र धातूंसाठी प्रमाणित, ईडीटीए असलेली ट्यूब घ्यायची. निळ्या टोपीच्या ट्यूब ईडीटीए नसलेल्याही येतात, म्हणून लेबल वाचून घ्या. गावच्या औषध दुकानात त्या नसतात. नागपूरच्या विक्रेत्याकडे सप्टेंबरमध्ये मागणी दिली, शंभरची पेटी तीन आठवड्यांनी आली, ६,२०० रुपये. पेटीतल्या दोन कोऱ्या ट्यूब आम्ही आधीच प्रयोगशाळेला पाठवल्या, त्यांनी शुद्ध पाण्यानं विसळून त्यातलं शिसं मोजलं. दोन्हीत मोजता येण्याजोगं काही नव्हतं. हे नऊशे-नऊशे रुपये वाचवू नका. नंतर कुणी ‘तुमच्या ट्यूबमध्येच शिसं असेल’ म्हटलं तर हातात उत्तर लागतं.

१० डिसेंबर २०२४, मंगळवार. वार विचार करून निवडला होता: शनिवारी रक्त घेतलं की रविवारी कुरिअर हलत नाही. जागा अंगणवाडीची. आदल्या संध्याकाळी भिंतीचा सुटलेला रंग ओल्या कापडानं पुसून काढला, झाडू मारला नाही, कारण झाडूनं धूळ उडते आणि दोन-तीन तास हवेत राहते. टेबलावर नवं प्लास्टिक अंथरलं. सकाळी पंखा बंद ठेवला.

हातपंपाजवळ एका आशाताईंना फक्त एकाच कामावर बसवलं होतं. मुलाचे दोन्ही हात आणि उजवा कोपर साबणानं धुवायचे, वाहत्या पाण्यानं निथळायचे, हवेत सुकू द्यायचे आणि हात कशालाही न लावता आत पाठवायचं. टॉवेल नाही, आईचा पदरही नाही. ज्या मुलापासून हे सगळं सुरू झालं त्याचे हात त्यांनी घमेल्यावर धरून धुतले, घमेल्यातलं पाणी राखी झालं. नखाखालची कड काडीनं साफ केल्यावर अजून एक राखी रेघ पाण्यात उतरली. ताईंनी ते पाणी अंगणात फेकलं नाही, वस्तीबाहेर एक खड्डा करून ठेवला होता, तिकडे नेऊन टाकलं. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

रक्त घेण्यासाठी २३ गेजची बटरफ्लाय सुई आणि पावडर नसलेले हातमोजे वापरले. पावडरमध्ये धातू असतात. कोपरावर ७० टक्के स्पिरिट लावून पूर्ण सुकू दिलं. ट्यूबची टोपी शेवटपर्यंत उघडायची नाही. रक्त भरलं की लगेच ट्यूब हळू उलटी-सुलटी करायची, आठ ते दहा वेळा, झटके देऊन हलवायची नाही. मनगट वळवावं तशी पूर्ण पालथी आणि पूर्ण उताणी; आतला हवेचा बुडबुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला पाहिजे. आमची एक चूक इथे झाली. एक मूल जोरात रडत होतं, त्याला सावरताना भरलेली ट्यूब मिनिट-दीड मिनिट स्टँडमध्ये तशीच राहिली. त्या नमुन्यात गुठळी झाली आणि तो प्रयोगशाळेनं नाकारला. शिशाचा बहुतेक भाग पेशींमध्ये असल्यामुळे गुठळी असलेल्या ट्यूबमधून घेतलेला थेंब अख्ख्या रक्ताचा प्रतिनिधी राहत नाही, त्यामुळे त्यांचं नाकारणं बरोबर होतं. रक्त घेणारा एक आणि ट्यूब फिरवणारा दुसरा, अशी दोन माणसं ठेवा.

२२ मुलांच्या ट्यूबसोबत आणखी चार ट्यूब केल्या. दोन मुलांचं रक्त दोन-दोन ट्यूबमध्ये घेऊन वेगळे क्रमांक दिले, म्हणजे एकाच रक्ताचे दोन आकडे जुळतात का ते कळेल. दोन ट्यूबमध्ये प्रयोगशाळेनं दिलेलं शुद्ध पाणी तिथेच, त्याच सुईच्या प्रकारानं भरलं. अंगणवाडीच्या हवेतून किंवा सुईतून शिसं आलं असेल तर ते यात दिसेल. प्रयोगशाळेला कोणती ट्यूब कसली हे सांगितलं नाही. लेबलवर नाव नाही, फक्त क्रमांक. नावांची वही डॉक्टरांकडे. लेबल ट्यूब भरल्यावर लगेच तिथेच, आधी लावून ठेवलेली नाहीत.

प्रत्येक घराची प्रश्नावली याच दिवशी भरली. ‘शिसं वितळवता का’ असं विचारलं तर लोक बिचकतात. ‘जाळ्याच्या गोळ्या कुठून आणता’ विचारलं की सगळं सांगतात. त्याशिवाय खुल्या बाजारातली हळद, डोळ्यात घालायचं काजळ किंवा सुरमा, पितळेच्या भांड्यांना कल्हई कधी केली, भस्माची औषधं, घरातल्या कुणाचं बॅटरी दुरुस्तीचं किंवा रंगाचं काम, आणि मूल माती किंवा भिंतीचे पोपडे खातं का, एवढं विचारलं. शेवटचा प्रश्न कधी गाळू नका. वापरलेल्या सुया आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या लाल पिशवीत, आणि सगळं परत आरोग्य केंद्राच्या कचऱ्यात.

ट्यूब लसीच्या कॅरिअरमध्ये २ ते ८ अंशांत ठेवल्या. बर्फाच्या पॅकला ट्यूब थेट टेकू देऊ नका, गोठलेलं रक्त फुटतं. शिसं थंडीत किंवा उन्हात कुठे जात नाही, तो धातू आहे. बिघडतं ते रक्त. तीन थरांचं पॅकिंग केलं: ट्यूब, शोषक कापसासह घट्ट बंद होणारी पिशवी, आणि वर कडक डबा, त्यावर यूएन ३३७३ चं, म्हणजे तपासणीसाठीच्या जैविक नमुन्याचं, चिन्ह.

११ तारखेला नागपूरच्या संकलन केंद्रावर स्वतः नेऊन दिलं, आणि हे फार बरं झालं. तिथल्या मुलानं ट्यूब हातात घेतल्या आणि सवयीनं सेंट्रिफ्यूजकडे वळला, ट्यूब गरगर फिरवून सीरम (पेशींवाचूनचं पिवळसर पाणी) काढून पाठवायला. सीरममध्ये शिसं जवळजवळ नसतंच, सगळ्या २२ मुलांचा आकडा शून्याजवळ आला असता आणि वस्तीला ‘काळजी नाही’ असं सांगून आम्ही मोकळे झालो असतो. त्याला थांबवलं आणि प्रत्येक मागणीपत्रावर लाल अक्षरात लिहिलं: अख्खं रक्त, फिरवू नये. तुम्ही मागणीपत्र भरतानाच हे लिहा.

१९ डिसेंबरला संध्याकाळी सातच्या सुमारास रिपोर्ट मेलवर आले. पहिलीच फाईल उघडली, त्यात १६४. डॉक्टरांनी लगेच बालरोग विभागाला फोन लावला, गाडी सांगितली. १०० च्या पुढे मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. पाच मिनिटांनी प्राध्यापकांच्या लक्षात आलं की आकड्यापुढे मायक्रोग्रॅम प्रति लिटर लिहिलंय. आपण बोलतो ते प्रति डेसिलिटर. दहानं भागायचं: १६.४. फोनवर आम्ही एकक विचारलं होतं, उत्तर ‘डेसिलिटर’ मिळालं होतं, आणि यंत्राचा रिपोर्ट मात्र लिटरमध्ये छापून आला. रिपोर्ट उघडल्यावर आकड्याआधी एकक वाचा. दुसरा सापळा उजवीकडच्या रकान्यात असतो. तिथे ‘सामान्य मर्यादा’ म्हणून १० किंवा कामगारांसाठीची त्याहून मोठी संख्या छापलेली असू शकते. शिशाची सुरक्षित पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते आणि ५ पासून पुढे उगम शोधून तो थांबवायला सांगते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं तर लहान मुलांसाठीचा संदर्भ आकडा २०२१ मध्ये ५ वरून ३.५ केला. तेव्हा ‘नॉर्मल’ अशा ठशावर विसंबून राहू नका.

पाण्याच्या दोन्ही ट्यूबमध्ये काही नव्हतं. दुहेरी नमुन्यांपैकी एका जोडीचे आकडे ११.८ आणि १२.३ आले, इतका फरक चालतो. २१ पैकी पाच मुलं ५ किंवा त्याच्या वर होती, आणि पाचही घरांत गोळ्या ओतल्या जात होत्या. एवढ्या थोड्या मुलांवरून आम्ही तालुक्याबद्दल काही म्हणणार नाही. या पाच घरांबद्दल मात्र म्हणू शकतो.

२२ तारखेला घरोघर गेलो. सभेत आकडे सांगितले नाहीत, ज्याचा त्याला, आईसमोर. तिथे आई-वडिलांच्या तोंडचा पहिला प्रश्न सगळीकडे एकच होता, ‘आता औषध कोणतं?’ या पातळीला औषध नाही, हे समजावणं अवघड जातं, पण समजावलंच पाहिजे. चिलेशनच्या गोळ्या उगाच दिल्या तर अपाय होतो. त्याहून वाईट म्हणजे औषध देऊन मग लघवी तपासायची पद्धत. तसं केलं की कुणाच्याही लघवीत धातू वाढलेला दिसतो आणि माणूस घाबरून ‘डिटॉक्स’ विकत घेतो. उपाय तीनच: उगम बंद करणं, हात धुणं, आणि लोह-कॅल्शियम भरून काढणं. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं. शाळा-अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि सिरप या मुलांना नेमानं मिळतात का, एवढं आशाताईंनी दर आठवड्याला बघायचं ठरलं. सिकलसेल असलेल्या मुलांना लोह डॉक्टरांना विचारूनच.

पाचही घरांच्या अंगणातली वरची माती खरवडून, ओली करून, पोत्यात भरून काढली. ओतायची जागा घरापासून लांब, बोडीच्या (लहान तळ्याच्या) पलीकडच्या पडीत नेली. ओतताना घातलेले कपडे वेगळे, पळी पुन्हा स्वयंपाकाला नाही.

१८ मार्च २०२५ ला पाच जणांची फेरतपासणी केली, सोबत पाण्याची एक ट्यूब. ऊन चढायच्या आत, सकाळी आठला. १६.४ असलेल्या मुलाचा आकडा १०.९ आला. रक्तातल्या शिशाचं अर्धं आयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, महिनाभराचं असतं, त्या हिशेबानं तीन महिन्यांत तो आणखी खाली यायला हवा होता, असं त्याच्या वडिलांनीच विचारलं. त्यांनी आमचं बोलणं नीट ऐकलं होतं. कारण हाडं. शिसं कॅल्शियमच्या जागी हाडांत बसतं आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात परत येत राहतं. म्हणून उतार आधी भराभर आणि मग रेंगाळत होतो. बाकी चौघांचेही आकडे उतरले. १६.४ वाल्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.९ झालं, याचं त्याच्या आईला जास्त वाटलं, आणि आम्हालाही.

पहिल्या फेरीचा सगळा खर्च ३६,००० रुपये: ट्यूब ६,२००, तपासण्या २८ म्हणजे २५,२००, सुया-हातमोजे-पॅकिंग २,९००, प्रवास १,७००. महाविद्यालयानं अर्धा उचलला, बाकी वर्गणी.

गोळ्यांना पर्याय शोधणं मार्च २०२५ नंतरही चालू राहिलं. भाजलेल्या मातीच्या गोळ्या कुंभाराकडून करून घेतल्या, त्या हलक्या पडतात, जाळं तळाला जायला उशीर होतो आणि मासळी निसटते. लोखंडी नट शिशापेक्षा हलके असले तरी संख्या वाढवून वजन जमतं. पण गंज चढला की दोरी कापते. शेवटी जस्ताचा मुलामा असलेले नट नायलॉनच्या दोरीवर ओवून दोन जाळी करून दिली. ज्येष्ठात जाळी दुरुस्तीला निघतील तेव्हा त्यांची हालत बघायची, असं ठरलं. पुढची तपासणी त्यानंतर, जुलै २०२५ मध्ये धरली होती.

मार्चनंतर पेटीत ६६ निळ्या ट्यूब शिल्लक होत्या, मुदत डिसेंबर २०२५ पर्यंतची होती.